स्टँडकाकू

गल्लीत कुणी गाडीला जॅक लावला की पाचव्या मिनिटाला काकू हजर. दोन्ही हातांत गाडीला टेकू द्यायचा एकेक लोखंडी स्टँड आणि तोंडाचा पट्टा सुरू. "मातीत जॅक? अहो, खाली फळी टाका आधी! आणि तिथे पत्र्याला कशाला लावताय, चेपेल की तो! चाकामागे जॅकसाठी खाच दिलीय, ती काय शोभेला?" मग हँडब्रेक, गिअर, पलीकडच्या चाकांना लावलेले ठोकळे, सगळं स्वतः बघायच्या. गाडी स्टँडवर टेकली की दोन्ही हातांनी जोर लावून हलवायच्या आणि मगच म्हणायच्या, "हं, जा आता खाली." लोक त्यांना स्टँडकाकू म्हणून हसायचे. हसोत बापडे!

काकूंना मात्र हसू येत नसे. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा याच अंगणात, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरला आणि जॅक सरकला. तो आवाज त्यांच्या कानातून कधी गेलाच नाही. भांडं पडलं, दार आपटलं, की काळजात धस्स व्हायचं. "एवढा जाणता माणूस, पण बेफिकीर," नातेवाईक म्हणाले. काकूंनी म्हणू दिलं.

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. तेव्हा घरात स्टँड एकच होता. पलंगाचा पाय मोडला, तर काकूंनी नवऱ्याला न विचारता तोच खाली लावला होता आणि त्या दिवशी त्या तापाने फणफणून त्याच पलंगावर झोपल्या होत्या. त्याला स्टँड सापडला नसणार, आणि एक बोल्ट आवळण्यासाठी किती शोधायचं म्हणून तो तसाच शिरला असणार. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिला कळलं तर ती आपलं तोंड बघणार नाही, या भीतीने काकू आजवर गप्प होत्या.

परवा लेक तिची गाडी घेऊन आली. ब्रेकचा पाइप गळत होता. त्याच अंगणात तिने गाडी उचलली, दोन्ही स्टँड लावले. काकूंनी गाडी हलवून पाहिली. पुन्हा पाहिली. लेक सतरंजीवर आडवी होऊन आत सरकणार, तोच काकूंनी तिचा दंड धरला.

"आई, सोड ना. किती वेळा बघशील?"

"नको गं जाऊस. तुझ्या बाबांना मीच मारलं." आणि पलंग, स्टँड, सगळं त्या भडाभडा बोलून गेल्या.

लेक उठून बसली. "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी मलाच पाठवलं होतं स्टँड शोधायला. पलंगाखाली दिसला, तर मी तुला उठवायला निघाले होते. ते दाराशी आले, म्हणाले, दोन दिवसांनी डोळा लागलाय तिचा, झोपू दे." लेक सतरंजीची सुरकुती सारखी करू लागली. "तुला कळू नये म्हणून मी बोलले नाही कधी."

काकूंनी तिचा दंड सोडला.

"उठवायचं होतंस गं मला," त्यांच्या तोंडून निघून गेलं. आपण कुणाला काय बोललो, ते बोलल्यावर कळलं.

"हो," लेक म्हणाली.

काकूंनी तिला पोटाशी धरलं. "तसं नाही गं, तसं नाही," म्हणत राहिल्या. लेकीने मान हलवली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.