डाव्या सीटचं वजन

पंपवाल्याची बायको जाऊन पाच महिने झाले, पण त्याला अजून काही झालेलं नव्हतं. लोकांनी बरीच वाट पाहिली. शेजारची म्हातारी काही ना काही निमित्त काढून डोकावून जायची, तर हा आपला ओट्याशी उभा राहून भांडी घासतोय. धाकटी बहीण आठवडाभर राहून गेली. जाताना म्हणाली, "दादा, एकदा मोकळा हो रे." हा म्हणाला, "बघतो." जणू तिनं नळाचा वायसर बदलायला सांगितला होता.

त्याला दगड म्हणणारेही निघाले. म्हणोत बिचारे. त्याच्या आत काय चाललंय हे खुद्द त्यालाच माहीत नव्हतं, तर लोकांना कुठून कळणार? सकाळी उठायचं, डबा भरायचा, हत्यारांची पेटी गाडीत टाकायची, लोकांचे पाण्याचे पंप खोलायचे, बसवायचे, घरी यायचं. जेवण घशाखाली उतरत होतं, त्यात मीठ आहे की नाही हे कळत नव्हतं. झोपही लागत होती. एकदा पंपाच्या पात्यानं बोट कापलं तर रक्त दिसल्यावर त्याला समजलं की लागलंय.

सगळं असंच चाललं असतं, पण मध्येच पिकअपचा प्रश्न निघाला.

डोंगरावरच्या दगडखाणीत चार पंप होते. तिथल्या सुपरवायझरनं स्पष्टच सांगितलं, "वर्षभराचं काम तुलाच देतो. पण गाडी वरपर्यंत आली पाहिजे. मागच्या खेपेला पोट घासून अडकलास, आमच्या ट्रॅक्टरनं ओढून काढला तुला. गाडी उंच करून घे आणि सोमवारी सांग. नाहीतर मी दुसरा बघतो."

गाडी उंच करायची गोष्ट नवीन नव्हती. दोन वर्षांपूर्वीच तो त्यासाठी गॅरेजमध्ये गेला होता, बायकोला शेजारी बसवून. बायको अंगानं भरलेली आणि गुडघ्यांनी अधू. दार उघडायचं, वरचा दांडा धरायचा, एक पाय आत टाकायचा आणि "हं, लाव जोर" असं म्हणायचं. मग हा मागून ढकलायचा. रस्त्यात लोक हसायचे आणि सगळ्यात मोठ्यानं ती हसायची. गॅरेजवाल्यानं चार इंचांचं नाव काढल्याबरोबर ती खिडकीतून ओरडली होती, "करा की चार इंच! सोबत एक क्रेनपण द्या, मला चढवायला!" सगळं गॅरेज हसलं होतं. विषय तिथेच मिटला. गाडी राहिली जशीच्या तशी.

आता अडवायला कुणी नव्हतं. मुलगी फोनवर म्हणाली, "करून टाका ना बाबा. आता काय हरकत आहे? आता तर..." त्यानंच तिला सांभाळून घेतलं. "हो, आता काय," तो म्हणाला.

पण आठवडा गेला तरी त्याचं ठरेना. दोन इंच की चार, एवढाच सवाल. चार इंच वर गेलेल्या गाडीत डाव्या दारातून ती परत कधी चढणार नव्हती. तशी ती पाच महिन्यांपूर्वीच चढायची थांबली होती, पण तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत होते, आणि उत्तर त्याच्या तोंडून हवं होतं.

शनिवारी सकाळी तो गॅरेजमध्ये गेला.

गॅरेजवाला जाडजूड, बोलघेवडा माणूस. त्याला सगळे पाटेवाला म्हणत, कारण गाड्यांचे पाटे नि स्प्रिंगा यापलीकडे त्यानं आयुष्यात कशाला हात लावला नव्हता. माणूस तोंडाचा फटकळ, पण मापाचा पक्का. पाव इंचासाठी केलेलं काम पुन्हा उलगडणारा.

"या या, पंपवाले!" त्यानं लांबूनच ओळखलं. "क्रेनवाल्या वहिनी काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही," पंपवाला म्हणाला.

"म्हणजे परवानगी मिळाली म्हणायची!" पाटेवाल्यानं हात पुसत गाडीला एक फेरी मारली. "हे बघा, दोन रस्ते आहेत. एक लेव्हलिंग किट. फक्त पुढून दोन इंच उचलायचं. रिकामी पिकअप नाकानं खाली असते, ती सरळ होते, दिसायला छान. पण तुमच्या मागे कायम पंप असतात. माल भरला की मागचं खाली जाणार आणि नाक आभाळात. समोरच्याच्या डोळ्यांत सगळा लाइट. दुसरं, लिफ्ट किट. चारी बाजूंनी चार इंच. खाणीत जायचं तर तेच हवं. फक्त चढायला त्रास. वहिनींना पायरी लावून देऊ, काय?"

पंपवाल्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आधी माप घेऊ. रोजचं सामान आहे ना आत? रिकाम्या गाडीचं माप मी घेत नाही. तुम्ही बसा स्टिअरिंगवर."

तो बसला. पाटेवाला टेप घेऊन एकेका चाकाशी वाकला, आकडे खडूनं दारावर लिहीत गेला. डाव्या पुढच्या चाकाशी थांबला. पुन्हा मोजलं.

"ही बाजू बसलीय हो. चांगली पाऊण इंच. कोण बसतं इकडे रोज?"

"ही बसते," पंपवाला म्हणाला.

शब्द निघून गेला. बसायची, असं म्हणायचं होतं. एका शब्दाची दुरुस्ती होती, पण त्याची जीभ हलेना.

"मग वहिनींशिवाय माप कसं घ्यायचं? डावीकडे स्प्रिंगला चकती किती जाड घालायची ते त्यांच्यावरच ठरणार. वजन किती असेल? रागावू नका, धंद्याचा सवाल आहे."

"ब्याऐंशी."

पाटेवाला आत गेला. त्याच्याकडे वाळूची पोती भरून ठेवलेली असत, वजन करून, बरोब्बर चाळीस चाळीस किलोची. नसलेल्या माणसाच्या जागी तो ती ठेवायचा. त्यानं एक पोतं डाव्या सीटवर आणून ठेवलं, दुसरं त्यावर चढवलं आणि वर दोन किलोचा हातोडा ठेवला. मग पोती घसरू नयेत म्हणून पट्टा ओढून खटकन लावला.

"घ्या. आल्या वहिनी."

गाडी डावीकडे किंचित झुकली. तो कल पंपवाल्याच्या पाठीला, मांड्यांना एकोणीस वर्षांपासून ओळखीचा. त्यानं मान वळवली नाही. समोरच्या काचेतून बघत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. बाहेर पाटेवाला गुणगुणत आकडे लिहीत होता. चुकीचे आकडे. या मापानं चकती बसली असती तर गाडी जन्मभर एका माणसाची वाट बघत तिरकी चालली असती. आयुष्यात खोटं माप त्यानं कुणाला दिलं नव्हतं, पंपाचंसुद्धा.

"थांबा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"पोती काढा. ती नाहीये."

"बाहेरगावी गेल्यात?"

"वारली. पाच महिने झाले."

पाटेवाल्याच्या हातातला खडू तसाच राहिला. मग त्यानं पट्टा सोडला, हातोडा उचलला, वरचं पोतं खांद्यावर घेऊन आत ठेवून आला आणि दुसऱ्याला हात घातला.

"ते राहू द्या. ते मी काढतो."

पंपवाला उतरून पलीकडच्या दाराशी आला. सीटवर एकच पोतं उरलं होतं. "शेवटी एवढीच राहिली होती," तो म्हणाला. "दवाखान्याच्या काट्यावर चाळीस. ढकलावं लागायचं नाही मग. मीच उचलून बसवायचो."

त्यानं पोत्याखाली एक हात घातला, दुसरा पाठीमागून. पाठीमागूनच म्हणायचं, कारण त्यानं तो माणसाला घालावा तसाच घातला. आणि उचललं.

"कुठलं किट लावू मग?" पाटेवाल्यानं हळू आवाजात विचारलं.

"चार इंच. पूर्ण उचला."

"बरं. ठेवा ते खाली, मी माप घेतो."

पंपवाल्यानं खाली बघितलं. काळ्या तेलानं माखलेली फरशी होती. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन पावलं टाकली, परत आला. त्याचे खांदे हलायला लागले, तोंड वेडंवाकडं झालं आणि भर सकाळी, गॅरेजच्या मधोमध, तो हुंदके देऊन रडायला लागला.

"अहो, वाळू आहे ती. टाका खाली," पाटेवाला म्हणाला.

त्याला ते खाली ठेवता येईना.