हलकी आवृत्ती

पुस्तकांच्या दुकानात मी जुन्या कॉमिक्सच्या दोन आवृत्त्या समोर ठेवून घोळ घालत उभा होतो. एकीत सगळ्या गोष्टी एकाच जाडजूड खंडात, गुळगुळीत कागदावर. दुसरीत त्याच गोष्टी बारा पातळ भागांत, रंग जरा फिके.

शेजारी उभे असलेले साठीचे गृहस्थही याच आवृत्त्यांतून निवडत होते, पण पुस्तक उघडतच नव्हते. तळहातावर घेऊन नुसतं वजन बघत होते.

"मोठा खंड घ्या काका, सगळं एकत्र मिळतं," दुकानदार म्हणाला.

"भाऊ अंथरुणाला खिळलाय. छातीवर ठेवून वाचतो. हे त्याला पेलायचं नाही." मग म्हणाले, "लहानपणी यावरून मारामाऱ्या करायचो आम्ही."

"मग बाराही भाग बांधू?"

ते त्या बारा भागांकडे बघत राहिले. आणि मी मेला रंगांची चिकित्सा करत होतो! शेवटच्या पानापर्यंत वाचणारा असणारच, हे किती बिनधास्त धरून चालतो आपण.

"तीन द्या," ते म्हणाले. मग त्यातला तिसरा त्यांनी स्वतःच उचलला आणि परत फळीवर, रांगेत नीट लावून ठेवला.