मावशीकडे गेलेलं पोर

माझा भाऊ आता बरा होणार नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त माझ्या मुलीला नव्हतं. तिला मी सांगितलं होतं की मामाला कावीळ झाली आहे, पथ्य चालू आहे, कावीळ म्हटली की वेळ लागतोच. बारा वर्षांची मुलगी. तिने "हं" केलं आणि परत चित्र काढत बसली. मला वाटलं, पटलं.

दादा अलोऱ्याला राहतो. रत्नागिरीहून काही लंकेला जायचं नाही, सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. वहिनीचं फोनवर दर वेळी एकच. "वन्सं, भाचीला एकदा घेऊन या. ते बोलत नाहीत, पण वाट बघतात." मी म्हणायचे, परीक्षा झाली की येतो. परीक्षा झाली. मग म्हटलं, पाव्हणे यायचेत. कोण पाव्हणे आणि कसले पाव्हणे. पोरीला नेलं की ती त्याला बघणार, आणि बघितल्यावर मला खरं बोलावं लागणार. ते एक वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

दुःख होत होतं का म्हणाल, तर नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तशी मी झाले होते. कामं सगळी होत होती. आमटीत मीठ आहे की नाही ते मात्र नवऱ्याला विचारावं लागायचं. नवरा मिरजोळ्याला कारखान्यात आहे, सरळ माणूस. तो म्हणायचा, "एकदा रडून मोकळी हो." जसा काही नळ आहे, फिरवला की झालं. त्याची चीड यायला हवी होती, पण तीही येत नव्हती.

अशातच एका रविवारी दुपारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "आई, तुझी ती जुनी ॲनिमे सापडली. काळ्या धुक्यातल्या गावाची. लावू?"

लाव म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा जोर लागतो.

ही मालिका दादा कॉलेजच्या हॉस्टेलवरून आणायचा, सीडींवर. मी तेव्हा आत्ताच्या माझ्या मुलीएवढी. आमची आई त्याला कार्टून म्हणायची, पण कसलं कार्टून. गावाला काळ्या धुक्याने वेढलेलं, धुक्यात एक दरवाजा, आणि दरवाजापलीकडचा राक्षस दर अमावास्येला गावातलं एक माणूस मागणार. त्याच्याशी लढणारी एक बाई, तुटकी तलवार घेऊन, आणि तिच्या पाठीपाठी फिरणारं एक बारकं पोर. सगळं जपानीत, खाली एक अक्षर नाही. दादाने छातीठोक सांगितलं होतं की हॉस्टेलवरच्या एका मुलाकडून आपण जपानी शिकलोय. मी विश्वास ठेवला. मग आवाज बारीक करून तो सगळ्यांचं बोलणं स्वतः बोलायचा. राक्षस दरवाजातून डोकं काढून म्हणायचा, "काय गो, आज बांगडे नाय आणलेस?" आणि ती तलवारवाली बाई, "मेल्या, आधी मागच्या वाटणाचं भांडं परत दे." मी हसून लोळायचे.

पुढे एका भागात ते बारकं पोर एकटंच दरवाजातून आत जातं आणि दिसेनासं होतं. मी घाबरून विचारलं, कुठे गेलं? दादा म्हणाला, "नाट्याला. मावशीकडे. तिथे होड्या आहेत ना, राहील मजेत." आमची सख्खी मावशी खरंच नाटे गावात राहायची, तिच्या दारात खरंच होड्या. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात पुढे तो शब्दच पडला. मांजर मेलं तर मावशीकडे गेलं, हरवलेली चप्पलही मावशीकडे. त्या रविवारपर्यंत मी ती मालिका विनोदी समजत होते.

आता मुलीने इंग्रजी सबटायटल लावली. राक्षस बांगडे मागत नव्हता. तो मोजक्या, थंड शब्दांत बोलत होता. मी स्वयंपाकघरातून चहा आणला, पुढचे भाग बघितले, आणि तो भाग आला. त्या अमावास्येला नाव निघतं त्या पोराच्या आईचं. पोर ते ऐकतं, आणि ती झोपलेली असताना तिच्याऐवजी आपण जातं. ते मेलेलं असतं. आई सकाळी उठते आणि त्याचं अंथरूण घडी करते, कारण तिला वाटतं ते खेळायला गेलंय. गावात सगळ्यांना ठाऊक असतं, तिला कोणी सांगत नाही.

लहानपणी पाहिलेली ही आई मला आठवतही नव्हती. दादाने तिला काही बोलायलाच दिलं नव्हतं.

मुलीने चित्र थांबवलं. म्हणाली, "तुला हे खरंच माहीत नव्हतं ना?"

"नाही. तुझा मामा वेगळंच सांगायचा."

"तो म्हणालाच होता, की तुला माहीत नाही."

"कधी म्हणाला?"

"फोनवर. त्यानेच सांगितलं, आईला ती मालिका दाखव. सबटायटल लावून दाखव." ती नखाचा रंग खरवडत बसली. मग म्हणाली, "आई, त्याला कावीळ नाहीये. मला शिमग्यापासून माहिती आहे. मीच विचारलं, तर त्याने सांगून टाकलं. म्हणाला, आई स्वतः सांगेल तोवर गप्प राहा. मी राहिले. पण तू सांगतच नव्हतीस."

शिमगा होऊन आंबे संपत आले होते. एवढे दिवस ही पोर माझ्यासमोर ताटावर बसत होती, आणि मी तिला काविळीच्या पथ्याच्या गोष्टी सांगत होते, आणि ती ऐकून घेत होती. मला राग आला. स्वतःचा, त्याचा, सगळ्यांचा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तो रागच होता.

मी तिच्यादेखत त्याला फोन लावला.

"लबाड आहेस तू, दादा."

तो हसला, मग खोकला, मग दम घेतला. "बघितलंस तर. मला जपानी येत नव्हतं गो."

"मग खरं काय ते सांगायचं नाहीस?"

"तू रडली असतीस. मग आईने मला झोडपला असता."

मी नाक ओढलं, आणि त्याला ते पलीकडे ऐकू गेलं असावं.

"रडायचं तर इथे येऊन रड, बाय," तो म्हणाला. "मी आहे तोवर. नंतर रडलीस तर मला कसं कळणार?"