वाकडमान भोपळी

माझ्या मामाला कोणी "कसं चाललंय?" असं विचारलं, तर तो आधी विचारणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचा. रस्त्यापलीकडे दोन माणसं हसली की ती त्यालाच हसली. दूधवाल्याने पिशवी दाराच्या डाव्या बाजूला ठेवली तर ती मुद्दाम. मामाची मान जन्मापासून डावीकडे कललेली होती, आणि जगात जे जे डावीकडे होतं ते सगळं त्याने मनाला लावून घेतलं होतं.

तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाड्या लावू नयेत'च्या. अक्षर असं सरळ की फूटपट्टीने लाजावं. पाटी टांगताना लोक त्यालाच बोलवायचे. तो खाली उभा राहून, आपल्या वाकड्या मानेने वर बघत, "डावीकडनं बोटभर वर घ्या" म्हणायचा आणि ते तंतोतंत बरोबर निघायचं. लोकांना याचं कौतुक होतं. मामाला त्यातही कुचेष्टा दिसायची. मी वरच्या मजल्यावर राहत होते आणि रात्रीचं आम्ही एकत्र जेवत होतो, त्यामुळे दिवसभराचे संशय मला गरमागरम वाढले जायचे.

कोपऱ्यावरच्या बियाण्यांच्या दुकानात मात्र तो यंदापासून रोज चारला चहाला जाऊ लागला होता आणि सहाला परत येत होता. एका कपाला दोन तास लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. दुकानाच्या बाई पन्नाशीच्या, एकट्या, अंगाने चांगल्या भरलेल्या आणि जिभेने फटकळ. दुकानामागे त्यांनी नमुन्याचे वाफे केले होते. आधी वेल दाखवायच्या, मग बी द्यायच्या. माझी बदली ठरली होती, दोन महिन्यांत मला गाव सोडायचं होतं. माझी आई गेल्यापासून मामाला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तो एकटा पडेल ही मला काळजी होती, आणि ते चार ते सहा हा माझा एकमेव आधार होता.

गल्लीत लोक मागून बाईंना 'भोपळी' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं. मामाला नव्हतं. त्याचे कान फक्त स्वतःसाठी टवकारलेले असायचे.

एके दिवशी मामा चार वाजून दहा मिनिटांनीच परत आला.

"काय झालं?"

"काही नाही. माणूस ओळखायला चुकलो."

बरंच खोदल्यावर कळलं. दुकानात शिरताना बाई गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "वाकडमान ना? कोवळी आहे तोवरच बरी. जून झाली की साल टणक, अंगभर फोड, काही कामाची नाही." गिऱ्हाईक हसलं. मामा दारातूनच मागे फिरला.

"अरे, 'झाली' म्हणाल्या त्या. तू काय बाई आहेस?"

"टोमणा मारणारे व्याकरण बघत नाहीत," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वाफ्यांसाठी पत्र्याच्या बारा पाट्यांची यादी पाठवली. काकडी, दोडका, पडवळ, घेवडा. आठव्या ओळीत होतं, 'वाकडमान भोपळी'. मामाने यादी माझ्या नाकासमोर धरली.

"बघ. आता लेखी."

मी उठले आणि सरळ दुकानात गेले. बाईंनी वाफा दाखवला. खाली फुगीर, वर निमुळती, पिवळीधमक फळं, आणि प्रत्येकाची मान हंसासारखी वळलेली.

"उन्हाळ्यात येते," बाई म्हणाल्या. "पाकिटावरचं परदेशी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून मीच हे ठेवलं. सरळ मानेची पण मिळते, पण मला हीच बरी वाटते. मामा का आले नाहीत काल?"

मी हरखून घरी आले आणि सगळं सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव कुणी ठेवलं?"

"बाईंनी."

"कधी?"

"यंदाच."

"मी तिथं जायला लागलो कधी?"

तेही यंदाच. संशयी माणसाच्या बाबतीत पंचाईत हीच, की अधूनमधून तो बरोबर असतो. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

मामाने अकरा पाट्या यादीबरहुकूम रंगवल्या. उरलेल्या एकीवर ध चा मा केला. मी कामावरून आले तोवर पाट्या पोचल्या होत्या आणि मामा खुशीत होता.

"वाकडमान नाही लिहिलं. 'मानाची भोपळी' लिहिलं. दुसऱ्याच्या मानेला हात घालण्यापेक्षा मान दिलेला बरा. शिकतील."

मी कपाळावर हात मारला. "मामा, गल्लीत बाईंना काय म्हणतात माहितीय?" आणि सांगितलं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मला कुणी बोललं का नाही?"

"तू कधी दुसऱ्या कुणाबद्दल विचारलंस?"

तो जेवला नाही. मीही दोन घास कसेबसे गिळले. म्हटलं, झालं, आता जन्माचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

सकाळी बाई स्वतःच आल्या. काखेत पाटी. रंगाच्या डब्यांमधून वाट काढत त्या मामासमोर उभ्या राहिल्या.

"हे माझ्यावर लिहिलंत?"

"मला ठाऊक नव्हतं."

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही?"

"नाही. हिला विचारा."

मी मान हलवली. बाई स्टुलावर बसल्या. स्टूल करकरलं, कोणी हसलं नाही.

"आता तुम्ही सांगा," मामा म्हणाला. "वाकडमान माझ्यावरूनच ना?"

मी मनात म्हटलं, बाई, नाही म्हणा. एवढं एकदा नाही म्हणा.

"हो," बाई म्हणाल्या.

"चेष्टेनं?"

"पहिल्या दिवशी चेष्टेनं. मग तोंडात बसलं. दिवसातून वीस वेळा म्हणायची सवय झाली. हे तीन दिवस तुम्ही आला नाहीत, तर गिऱ्हाइकाला नाव सांगताना घशात अडकायला लागलं."

मामाने त्यांच्या काखेतली पाटी घेतली. मग त्याने टर्पेंटाईनचा बोळा घेऊन 'मानाची' पुसलं आणि त्या जागी, एका दमात, 'वाकडमान' लिहिलं. कालच त्याने हा शब्द लिहायचं टाळलं होतं. मग बोळा दुसऱ्या शब्दाकडे वळला.

"हेही काढतो. दुसरं काय लिहू?"

बाईंनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे. एका पाटीवर दोघं मावतात."

मामाने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं. "यात काही टोमणा?"

"आहे. पण दोघांवर आहे."

चार वाजता मामा ती पाटी वाफ्यात लावायला गेला. मी आठपर्यंत त्याच्यासाठी जेवायची थांबले. मग एकटीच जेवले.