उपाशी राहिलेला कोपरा

मोहाडीच्या अलीकडे तलावाच्या पाळीला लागून एक गाव आहे. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास तिथल्या बायका धानाच्या तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, टेकोडे पिकवायला शिकल्या. शहरातले लोक ज्याला अळंबी म्हणतात तेच हे. शिकवणारी होती देवकाबाई, आणि शिकवताना ती फार खाष्ट वागायची. तणसाच्या थरावर डाळीचं पीठ भुरभुरायचं ते तिच्या हातातल्या चुन्याच्या डबीनं मोजून. डबी भरायची, अंगठ्यानं पीठ सपाट करायचं, बस्स. कुणी चिमूटभर जास्त टाकलं तर अख्खा थर उचलून झटकायला लावायची. नव्या सुना पाठीमागे तिला कंजूष म्हणायच्या. म्हणोत बापड्या. त्यांनी आधीची देवकाबाई पाहिलीच नव्हती.

आधीच्या देवकाबाईच्या हाताला माप म्हणून नव्हतं. सावत्र आईच्या घरी अर्धपोटी वाढलेली पोर ती. स्वतःच्या संसारात कुणाच्या पानात रिकामी जागा दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. पाहुणा हात आडवा धरायचा आणि ही त्याच्या बोटांच्या फटीतून वरण ओतायची. एकदा वासराला मायेनं इतका भात चारला की पोट फुगून ते मेलं. नवरा मारोतराव एवढंच म्हणाला, "तुह्या मायेले झाकन नाई वं." आणि मुकाट्यानं खड्डा खणायला गेला.

मारोतराव धानाचा शेतकरी, पण त्याचा जीव जंगलात. आषाढात उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळांवर सात्या नावाच्या रानछत्र्या उगवतात, पांढऱ्याशुभ्र, कोंबडीच्या रश्श्यालाही मागे सारणाऱ्या. कोणत्या वारुळावर कधी निघतील हे त्याला नेमकं ठाऊक असायचं. जेवताना तो सांगायचा, "वारुळात उधई राखन करते. सात्यांशिवाय दुसरी बुरशी आली का कुरतडून टाकते. उधई निघून गेली का त्याच वारुळातून काळ्या काड्या निघतेत. मंग सात्या नाई." देवकाबाई ऐकता ऐकता त्याच्या पानात आणखी भात वाढायची. ऐकायची सगळं, ध्यानात काही ठेवायची नाही.

एकोणऐंशीच्या चैत्रात मारोतरावच्या पोटात गाठ निघाली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. अन्नावरची त्याची वासनाच उडाली. देवकाबाईसारख्या बाईला याहून मोठी शिक्षा कोणती असणार? रोज ती काही ना काही रांधायची आणि रोज तो तोंड फिरवायचा. एका दुपारी मात्र आपणहून म्हणाला, "सात्या खाव्याशा वाटते वं."

आषाढाला तीन महिने होते. मारोतरावजवळ तेवढे दिवस नव्हते, आणि हे दोघांनाही कळत होतं.

त्याच आठवड्यात जागेश्वर गावात आला. नुकताच शेतकीचं शिक्षण घेऊन आलेला हा तरुण गावोगाव तणसावरचे टेकोडे लावून दाखवत फिरत होता. देवकाबाईनं त्याला अंगणातच गाठलं.

"सात्यावानी लागतेत का रे बाप्पा?"

"जवळपास तशेच, काकी. आन याइले गरमीच पायजे. दहा दिवसांत निघतेत."

त्यानं तिला बियाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि सगळं समजावलं. तणस रात्रभर भिजवायचं, थरावर थर रचायचे, कडेनं बियाणं ठेवायचं, वर मूठभर पीठ भुरभुरायचं. "मूठभरच, काकी. तनसात आधीच धा जातीच्या बुरश्या झोपल्या रायतेत. लय खायले भेटलं का त्याच पह्यले उठतेत."

देवकाबाईनं मान डोलावली. आपल्या आजारी माणसासाठी जे उगवायचं, ते मूठभर पिठावर कसं उगवेल? घरात लाखोळीच्या डाळीचं पीठ होतं, ते तिनं अंगणातल्या मांडवात रचलेल्या थराथरांवर सूप भरभरून ओतलं. शेवटी एका कोपऱ्याशी पोचली तेव्हा डबा रिकामा झाला. तिथं नुसतं बियाणं ठेवताना तिला फार अपराधी वाटलं. "तुले उपाशी ठेवलं रे," असं त्या तणसाला म्हणत तिनं वर प्लॅस्टिक ओढलं.

सातव्या दिवशी तणसावर बारीक राखाडी छत्र्यांची गर्दी उसळली. देवकाबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. सुपात खुडून ती खाटेजवळ धावली. "आले जी, आले!"

मारोतराव कोपरावर उठला, एक छत्री बोटानं दाबली आणि हसला. त्याचं ते शेवटचं हसणं. "शेनावरच्या छत्र्या होत ह्या, येडे. निंदून टाक."

ती मसाला वाटून येईपर्यंत सुपातल्या छत्र्यांचं काळं पाणी झालं होतं. ते अंगणात ओतताना तिला वाटलं, पोषण कमी पडलं, म्हणून असं मरतुकडं उगवलं. ती शेजारच्या शकुबाईकडून आणखी पीठ घेऊन आली. आधीच्यावर तेही टाकलं. कोपऱ्यापर्यंत तेही पुरलं नाही.

मग हिरवी बुरशी आली. पहिल्या दिवशी ठिपके, दुसऱ्या दिवशी हिरवी साय. खाली बियाण्याचे पांढरे धागे पसरत होते, त्यांच्यावर चढून ती त्यांनाच खात गेली. देवकाबाई पदरानं पुसायची आणि ती पुन्हा उगवायची. आतून मारोतराव विचारायचा, "निघाले काय वं?" आणि ती म्हणायची, "निघून राहिले." एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होती.

तणस रचल्यापासून अकराव्या दिवशी पहाटे मारोतराव गेला. उपाशी गेला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी जागेश्वर भेटायला आला. घरात माणसं होती, रडणं चाललं होतं. त्यानं सहज मांडवातलं प्लॅस्टिक उचललं. सगळं तणस हिरवं-काळं सडलेलं. फक्त एका कोपऱ्यात लहान अंड्यांएवढे टेकोडे दाटीनं उभे होते, गुबगुबीत, निरोगी. त्यानं देवकाबाईला बोलावलं. ती बघतच राहिली.

"इथं तं मी पीठच नाई टाकलं."

"म्हनूनच आले, काकी. बाकीकडं काळ्या छत्र्या आन हिरव्या बुरशीनं खाऊन टाकलं. याइलेही तिनंच अडवून धरलं, म्हनून उशीर झाला."

देवकाबाईनं एक टेकोडा बोटानं दाबून पाहिला. मग तिनं विचारलं, "सगळंच असं उपाशी ठेवलं असतं, तं कवा निघाले असते?"

जागेश्वर शिकलेला होता, पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं हे त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं बोटांवर दिवस मोजले.

"नवव्या दिवशी, काकी. लय झालं तं दहाव्या."

ती रडली नाही. आत गेली, मारोतरावच्या उशाखालची चुन्याची डबी काढली, चुना खरवडला, डबी पदरानं कोरडी केली. बाहेर येऊन ती उघडी डबी जागेश्वरपुढे धरली.

"एका थराले येवढं?"

जागेश्वरनं या वेळी नुसती मान डोलावली.