नव्या संहितेतलं खोडलेलं वाक्य

"वाहिदभाई, कोश छापून आला. तुमची नोंद डाव्या पानावर, अगदी वरून सुरू होते. खाली बारीक अक्षरात 'वा. तांबोळी'. छपाई बरी आहे, कागद भिकार. तुम्ही असतात तर त्याला टिचकी मारून म्हणाला असतात, 'बाई, ह्यापरीस समन्सचा कागद जाड असतोय.' ते राहू द्या. आता मला सांगा, ह्या किल्लीचं काय करू?"

चंपाबाई गायकवाडांनी इथवर लिहिलं आणि पेन टेबलावर आपटलं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे त्यांच्या मते शुद्ध बावळटपणा. एखाद्या विद्यार्थ्यानं केला असता तर त्याला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाई लोणावळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरी उलटली तरी स्वतःची स्कूटर स्वतः चालवायच्या आणि समोरच्याला हॉर्न मारून शिस्त लावायच्या. गावातल्या वाचनालयानं साध्या घरांसाठी एक खंडाचा ज्ञानकोश काढायचं ठरवलं आणि संपादनाचं ओझं त्यांच्या गळ्यात घातलं. कोश होत आला आणि फौजदारी कायदाच बदलला. दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. नवी नोंद लिहायला दोन वकिलांनी हो म्हटलं, फोन मात्र उचलले नाहीत. तेव्हा कुणीतरी वाहिद तांबोळीचं नाव सुचवलं.

वाहिदभाई वडगावच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहायचे. राहायला बेगडेवाडीला. रविवारी लोकलनं लोणावळ्याला यायचे, चपला दाराबाहेर अगदी सरळ रेषेत काढायचे आणि चहात साखर नको म्हणून बिस्किटं चार खायचे.

पहिल्याच दिवशी नावावरून वाजलं.

"भारतीय न्याय संहिता," बाई म्हणाल्या. "सरकारनं ठेवलेलं नाव, तेच नोंदीचं नाव. त्यात काय विचार करायचा?"

"नाव ऱ्हाऊ द्या की. पर आमच्याकडं कायद्याला नावानं कोन वळखतंय? म्हातारी येती अन् म्हनती, लेकावर तीनशेदोन लावलंय. तिला तुमची न्याय संहिता कुटं घावायची?"

"मग काय आकड्यांच्या नोंदी करू? कोश आहे हा, लॉटरीचा निकाल नाही!"

"लागली तर लागली लॉटरी," वाहिदभाई म्हणाले, आणि बाईंना हसू आवरलं नाही. शेवटी नोंदीच्या तळाशी जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी द्यायचं ठरलं.

मजकूर आला तो स्वच्छ, नेमका. बाई लाल पेन्सिल घेऊन वाचत होत्या आणि पेन्सिलीला काम नव्हतं. मग एका ओळीवर त्या थांबल्या. 'निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती, ती आता पाच वर्षांपर्यंत करण्यात आली आहे. वाढीव शिक्षा प्रलंबित खटल्यांनाही लागू आहे.'

"हे काय लिहिलंत?"

वाहिदभाईंनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"अहो, संहिता लागू झाली एक जुलैला. आधीच्या गुन्ह्याला जुनीच शिक्षा. गुन्हा घडला तेव्हा होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही, घटनेतच आहे. मी जन्मभर शिकवलंय. आणि तुम्ही तर रोज कोर्टात बसता!"

"व्हय. चूक हाय ते."

"मग?"

"आमच्या फलकचं मे म्हैन्यात झालं, बाई."

फलक त्यांची एकुलती एक मुलगी; घरात दोघंच. तिकोणा पेठेजवळच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला होती. ड्यूटी संपवून घरी निघाली आणि पर्यटकांच्या जीपनं तिच्या स्कूटरला मागून उडवलं. मुलगी गेल्याचं बाईंना ठाऊक होतं. महिना ठाऊक नव्हता.

जे कलम त्या वर्गात ढाल म्हणून शिकवत आल्या, ती ढाल आज त्या जीपवाल्याच्या हातात होती. असायलाच हवी होती. त्यात फरक करावा असं बाईंना क्षणभरही वाटलं नाही. त्यांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली.

"वाक्य जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या. पर जरा दमानं खोडा. तवर बगतो."

चहा गार झाला. मग वाहिदभाईंनी स्वतःच पेन्सिल मागून घेतली, ती ओळ खोडली आणि वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'एक जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते.'

फलकची स्कूटर, मागून चेपलेली पण चालती, पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडली होती. अशी वाहनं सोडवायचे अर्ज वाहिदभाईंनी अख्ख्या तालुक्याला लिहून दिले होते. स्वतःचा लिहिला नव्हता. बाईंनी त्यांना झापलं, "तुमचा अर्ज काय मी लिहू?" तेव्हा कुठे लिहिला, आणि हुकूमही झाला. पण त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती.

"मी चालवते. तुम्ही मागं बसा."

"तुमच्या मागं? त्यापरीस आरोपीच्या पिंजऱ्यात बसतो की!"

तरी पुढच्या रविवारी किल्ली आणून त्यांनी बाईंच्या हातात दिली. किल्लीला फलकनं बांधलेला निळा गोंडा होता. जायचं ठरलं. मग पाऊस लागून राहिला. मग प्रुफं आली. "कोश छापून येऊ द्या, मंग निवांत जाऊ," वाहिदभाई म्हणाले. दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. खटला अजून साक्षीपुराव्यावरच आहे.

बाईंनी ठाण्यात फोन केला. हवालदार नीट बोलला. म्हणाला, "हुकूम त्यांच्या नावावर हाय, मॅडम. आता वारसानं नवा अर्ज द्यायला लागंल. कुनाकडनं तरी ल्हिवून घ्या."

कुनाकडनं तरी.

बाईंनी पत्र घडी करून कोशात, डाव्या पानाशी ठेवलं. दाराजवळच्या खिळ्यावर दोन्ही स्कूटरच्या किल्ल्या शेजारी शेजारी लटकतात. सकाळी भाजीला निघताना घाईत हात आधी निळ्या गोंड्यावरच पडतो.