सीनियर व्ह्यूअर आणि मानेसरचं गेट

माझ्या फरीदाबादच्या दुकानात माल मागवल्याशिवाय येत नाही. किस्से मात्र न मागवता येतात, परत पाठवता येत नाहीत आणि गोदामात जागाही अडवत नाहीत. त्यातले सगळ्यात जास्त आले दिल्लीपलीकडच्या मानेसरच्या एका कारखान्यातून.

धंदा माझा कॅमेऱ्यांचा, गेटांचा आणि ते सगळं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. दार उघडं राहिलं, अनोळखी गाडी आली, की हे सॉफ्टवेअर आपणहून भोंगा वाजवतं, दार लावून घेतं. पण काही कामं ते माणसाला विचारूनच करतं. मग ठरवावं लागतं, की कोणी नुसतं बघायचं, कोणी काम सांगायचं आणि कोणी मंजुरी द्यायची. मी कॉलेजात यातलं काही शिकलो नाही. आधी विकलं, मग शिकलो. अडलं की माझी भाची नेहा आहेच. ती दिल्लीत वाढलेली, इंजिनियर, माझ्याकडेच काम करते.

गिऱ्हाइकाला हे रोल समजावताना मी घरचा दाखला देतो. फ्रीजमध्ये काय आहे ते सगळ्यांना दिसतं, तो व्ह्यूअर. आतलं काढून गरम करतो, तो ऑपरेटर. आणि कुठली भाजी टाकून द्यायची हे जिच्या हातात, ती अ‍ॅडमिन. एकदा फोनवर हे सांगताना मी ऐटीत म्हणालो, "आता आमच्याकडे मी ऑपरेटर."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "तुझी रिक्वेस्ट अजून पेंडिंग आहे."

~

मानेसरचा कारखाना गाड्यांचे पार्ट बनवणारा. मालक खुराणाजी. सौदा त्यांनी उभ्या उभ्या केला. महिनाभर गेट चालवून दाखवायचं, शेवटी बड्या परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येणार. तो खूश झाला तर खुराणाजींच्या फरीदाबादच्या कारखान्याचं कामही माझं. "नहीं तो सावंतजी, गेट का खंभा भी उखाड़ के ले जाना।"

फरीदाबादचं काम म्हणजे माझ्या दुकानापासून चहा गार व्हायच्या आत पोचता येईल असं. मानेसरच्या रोजच्या फेऱ्यांनी माझी कंबर आणि गाडीचा क्लच, दोन्ही जेरीला आले होते. ते काम मला हवंच होतं.

~

पहिल्याच मीटिंगमध्ये भांडण. एचआरचे सिक्कासाहेब व्ह्यूअर व्हायला तयार होईनात. त्यांच्या खुर्चीमागे दोन पाट्या, व्हिजिटिंग कार्डावर तीन ओळींचा हुद्दा, आणि लॉगिन केल्यावर नुसतं 'व्ह्यूअर'? त्यांना अ‍ॅडमिनच पाहिजे होतं. त्यांचं बघून स्टोअरवाले, कँटीनवाले, सगळेच अ‍ॅडमिन मागू लागले.

नेहा नियम समजावत बसली होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, नाव बदल, बटणं तीच ठेव. संध्याकाळपर्यंत सिक्कासाहेब 'सीनियर व्ह्यूअर' झाले, स्टोअरवाले 'चीफ व्ह्यूअर'. कोणालाही एक बटण जास्त मिळालं नाही.

सिक्कासाहेबांनी पेढे वाटले!

~

पुढच्या आठवड्यात मागच्या भिंतीवरून एक नीलगाय आत आली. मानेसरला हे चालतंच. कॅमेऱ्याने ओळखलं, सॉफ्टवेअरने सगळ्यांच्या फोनवर चित्र पाठवलं आणि विचारलं, भोंगा वाजवू का? मंजुरीचं बटण ज्यांच्याकडे, ते तेव्हा फोन केबिनमध्ये ठेवून दुसऱ्या टोकाला राउंडवर होते.

सिक्कासाहेबांचा मला फोन. "सावंतजी, वो मालिक के गेंदे खा रही है।"

मी विचारलं, स्क्रीनवर दिसतंय का?

"बिल्कुल साफ़ दिख रहा है।"

"बस, सर, सिस्टिम एकदम बरोबर चाललीय."

ते पुढे झेंडूचा वाफा संपेपर्यंत मला धावतं वर्णन ऐकवत होते. त्या दिवसापासून कँटीनमध्ये कोणी नुसतंच बघत उभं राहिलं, की म्हणतात, "सीनियर व्ह्यूअर है।"

~

मंजुरीचं ते बटण सुभेदार जाधवांकडे होतं. जाधव कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, आता कारखान्याचे सिक्युरिटी इनचार्ज. माणूस सरळ, मिशी त्याहून सरळ. गेटावर रामधन नावाचा गार्ड. ट्रक आला की रामधनने गेटावरच्या स्क्रीनवर रिक्वेस्ट टाकायची, सुभेदारांनी केबिनमध्ये बसून मंजूर करायची. सोपं काम.

पण गेटापुढे ट्रकांची रांग लागू लागली. मी जाऊन पाहिलं, तर रामधन रिक्वेस्ट टाकतो, मग गेट सोडून केबिनपर्यंत पळतो, कडक सॅल्यूट ठोकतो, मग सुभेदार बटण दाबतात, मग रामधन पळत परत!

सुभेदारांना विचारलं तर म्हणाले, "सावंतराव, समोर न येता परवानगी मागायची? ही काय पद्धत झाली?"

त्यांना पटवणं माझ्या बसची बात नव्हती. नेहाने डोकं चालवलं. रिक्वेस्टमध्ये 'कारण' असा एक रकाना होताच. तिने रामधनला सांगितलं, की पळू नका, सॅल्यूट इथे टाइप करा. तेव्हापासून लोखंडाचा ट्रक असो की कँटीनचा दुधाचा टेम्पो, कारण एकच: 'जय हिंद साहेब'. सुभेदार एका सेकंदात मंजूर करायचे.

नेहा म्हणाली, "मामा, दुनिया में कहीं इतना फास्ट अप्रूव्हल नाही."

~

मग सुभेदार पुतण्याच्या लग्नाला गावी निघाले. नेहाने सुचवलं, तेवढे दिवस मंजुरीचा अधिकार दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, रजेवर मी जातोय, जबाबदारी नाही.

गावात मांडवात नेटवर्क नव्हतं. होतं ते फक्त पाण्याच्या टाकीवर. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि मानेसरच्या गेटावर ट्रक यायची वेळ झाली. सुभेदार ताटावरून उठले आणि फेट्यासकट टाकीच्या शिडीवर चढले.

खाली एकच गोंधळ. नवरदेवाचे काका रुसले! मानपानात काय चुकलं? मुलीचे वडील नवीकोरी शाल आणि नारळ घेऊन शिडी चढायला लागले. वर सुभेदार फोन आभाळाकडे धरून उभे. मंजुरी मानेसरला पोचली, तेवढ्यात शाल खांद्यावर पडली.

त्यांनी ती घेतली. मला सांगताना म्हणाले, "एवढं चढून आले होते, नाही कसं म्हणणार?"

~

आणि ऑडिटचा दिवस उजाडला. नेहा आणि मी सकाळपासून गेटाच्या आतल्या बाजूला उभे. शेजारी सुभेदार, कडक इस्त्रीत, फोन हातात. खुराणाजींनीच नियम केला होता, की साडेनऊनंतर कोणाचंही कार्ड चालणार नाही. उशिरा येणाऱ्याने स्क्रीनवर कारण लिहायचं आणि सुभेदारांची मंजुरी घ्यायची. मी तेव्हाच विचारलं होतं, कोणाचंही? ते म्हणाले होते, "कोई भी मतलब कोई भी। मैं भी।"

ऑडिटरला हॉटेलातून घेऊन खुराणाजींची गाडी आली, तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. कार्ड लावलं. लाल दिवा. खुराणाजी हसले, फोन काढला, अ‍ॅडमिन म्हणून नियमच बदलायला गेले. सॉफ्टवेअरने उत्तर दिलं, की बदलाला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागेल: सुभेदार जाधव.

"जाधवजी, खोलिए।"

"साहब, आप ही का ऑर्डर है। कारण लिखिए।"

खुराणाजी खाली उतरले. ऑडिटरही उतरून शेजारी येऊन उभा राहिला. खुराणाजींनी लिहिलं, 'मीटिंग'. सुभेदारांनी नामंजूर केलं. त्यांनी लिहिलं, 'ट्रैफिक'. तेही नामंजूर. मला डोळ्यांसमोर माझा खांब उपटलेला दिसायला लागला.

रामधन खुराणाजींच्या कानाशी वाकला. "साहब, वो लिखिए जो हम लिखते हैं।"

खुराणाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'जय हिंद साहेब'.

गेट उघडलं.

आत ऑडिटरने सगळं बघितलं आणि शेवटी एकच मागितलं. या गेटाने कुठल्या बड्या माणसाला अडवल्याचा एखादा पुरावा आहे का? खुराणाजींनी घसा साफ केला. "आज सुबह का देख लीजिए।"

ऑडिटरने लिहिणं थांबवलं, पेनाला टोपण लावलं आणि हात पुढे केला.

बाहेर आल्यावर खुराणाजी मला म्हणाले, सोमवारपासून फरीदाबादचं काम सुरू करा. मी आभार मानेपर्यंत त्यांनी अट घातली, "लेकिन वहाँ मुझे एडमिन नहीं बनना। वो सिक्का वाला दे देना, सीनियर व्ह्यूअर।"

संध्याकाळी ऑडिटर निघाला. पाहुण्यांना बाहेर जातानाही कारण लिहावं लागतं. रामधन त्याच्यासाठी टाइप करायला पुढे झाला, तर त्याने हाताने थांबवलं. कोट सरळ केला, खिशातून चष्मा काढला आणि इंग्रजी अक्षरांत स्वतःच काहीतरी लिहिलं.

सुभेदारांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी वाचलं, टाचा जुळवल्या आणि आधी सॅल्यूट ठोकला, मग बटण दाबलं.